सेतू सरांचं सोवळं

माणसाला त्याचं स्वतःचं काम त्याच्याच हातांनी पुसायला लावणारा साहेब मी आयुष्यात एकच पाहिला. सेतू सर. पूर्ण नाव सेतुमाधवराव. आवाज चढवला नाही की टेबलावर हात आपटला नाही. खुर्ची ओढून ते प्रभाकरनच्या शेजारी बसले, चष्मा पुसला आणि तमिळमध्ये म्हणाले, "काढ. सगळं काढ. मी इथेच बसतो." प्रभाकरनने महिनोन्‌महिने खपून लिहिलेला कोड एकेक फाइल करून उडवला. त्याचे कान लाल झाले होते. काम संपल्यावर सरांनी त्याला स्वतः कॉफी आणून दिली आणि दारापर्यंत सोडायला गेले. आम्ही बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसलो होतो.

प्रभाकरनचा गुन्हा एवढाच की आदल्या दिवशी जेवताना तो खरं बोलून गेला होता. आधीच्या नोकरीत कुणीतरी त्याला मूळ कंपनीच्या कोडची दोन-चार पानं दाखवली होती. "सहज बघितली, काही आठवतसुद्धा नाही," म्हणाला बिचारा. सरांचा दहीभाताचा घास तिथेच थांबला. प्रभाकरन पुढे शोळिंगनल्लूरच्या एका मोठ्या कंपनीत लागला आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला, ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी त्याचे कान पाहून मला मिरजेला परत जावंसं वाटलं होतं.

हे समजायला आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. एका बड्या परदेशी कंपनीने प्रोग्राम लिहिण्यासाठी एक पाया तयार केला होता. जगभरचे लोक त्यावर आपापले प्रोग्राम उभे करत, बँकांचे, इस्पितळांचे, तिकिटांचे. पाया मात्र कंपनीच्या मालकीचा, आत काय आहे ते कुणी बघायचं नाही. आम्ही चेन्नईच्या पेरुंगुडीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसून तोच पाया नव्याने बांधत होतो, कुणालाही फुकट वापरता येईल आणि उघडून बघता येईल असा. इंटरनेटवरून देशोदेशीचे हौशी लोक हात लावायचे, पण पगारी माणसं आम्ही मूठभर. आमच्या मालकांना त्या कंपनीच्या परवान्याशिवाय आपला माल विकायचा होता, म्हणून ते आम्हाला पोसत होते. अट एकच, तिथे चालणारा प्रोग्राम एक अक्षर न बदलता आमच्याकडे चालला पाहिजे. ऑफिसात त्या कंपनीला सगळे 'पेरियप्पा' म्हणत. तमिळमध्ये पेरियप्पा म्हणजे थोरले काका.

आणि इथेच सोवळं सुरू व्हायचं. पेरियप्पाचा आतला कोड ज्याने डोळ्यांनी पाहिला तो बाटला. त्याने आमच्याकडे एक ओळ जरी लिहिली तरी उद्या कंपनी कोर्टात जाऊन म्हणणार, यांनी चोरलं. म्हणून न बघता लिहायचं. बाहेरून प्रश्न टाकायचे, उत्तरं पाहायची आणि आत काय असेल ते ताडायचं, नारळ वाजवून पाणी किती ते सांगतात तसं. हा नियम सरांनी काढलेला नव्हता, या कामातले सगळेच तो पाळत. पण बाकीच्यांचं सोवळं कामापुरतं, सरांचं अंगात भिनलेलं. गंमत म्हणजे देवाधर्माशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मिळेल त्या हॉटेलात खायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे मामी म्हणे, एकदा मला म्हणाल्या, "माझे सासरे ओल्या धोतरानं पाणी ओढायचे. हे घरात काय पाळले नाहीत. अस्कं नेऊन ऑफिसात ठेवले."

अस्कं म्हणजे सगळं. ही तंजावरची मराठी. भोसल्यांच्या राजवटीत तिकडे गेलेल्या घराण्यांची, तमिळच्या चालीवर बोललेली. मुलाखतीला गेले तेव्हा अर्जावरचं माझं आडनाव वाचून सर एकदम मराठीत बोलायला लागले आणि मला वाटलं, बखरीतलं कुणीतरी उठून आलंय. पहिलाच प्रश्न, "तू बघलीस कां?"

"काय सर?"

"त्यांचा कोड. कॉलेजात, मैत्रिणीकडे, कुठे तरी. अर्धा पान तरी?"

नाही म्हणाले. त्यांनी तेच पुन्हा तीनदा विचारलं, पोलिसांनी विचारावं तसं. मग म्हणाले, "सेरी. तुमची मराठी खूप बिघडलीय. पण तू ये." सेरी म्हणजे ठीक आहे. मराठी बिघडलेली आमची, हे त्यांचं ठाम मत होतं आणि शेवटपर्यंत बदललं नाही.

शिकवायचे मात्र असे की हाडापर्यंत जायचं. एकदा तारखांचा हिशेब करणारा भाग माझ्याकडे आला. वाजवून बघताना माझ्या लक्षात आलं की पेरियप्पा एका ठिकाणी साफ चुकतोय. महिन्याच्या शेवटच्या तारखेत महिना मिळवला की कधी कधी भलतीच तारीख देतोय. मी खूश. आपल्याकडे बरोबर लिहून टाकलं आणि वर टीपही लिहिली की मूळ चूक दुरुस्त केली आहे. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर बोलावणं आलं.

"चूक कोणाची?"

"त्यांची, सर."

"मग तू कोण ती सुधारायला?"

"पण उत्तर चुकीचं येतंय ना सर."

"कुठे तरी एक माणूस त्या चुकीवर आपला प्रोग्राम बांधून बसलाय. तो आपल्याकडे आला आणि त्याला बरोबर उत्तर मिळालं, तर त्याचं घर पडेल. आम्हाला बरोबर नक्को, वृंदा. आम्हाला तसंच होणे." त्यांच्या बोलीत 'होणे' म्हणजे 'पाहिजे'. "जा. चूक परत घाल. आणि नीट घाल."

चूक नीट घालायला मला आठवडा लागला. बरोबर लिहिणं सोपं असतं हो, दुसऱ्याचं चुकलेलं हुबेहूब लिहायचं म्हणजे तो कुठल्या मूर्खपणात चुकला असेल ते शोधावं लागतं. सर रोज येऊन बघायचे आणि "अजून थोडी बरोबर येतेय" म्हणून परत पाठवायचे. मी वॉशरूममध्ये जाऊन रडलेय त्या आठवड्यात. चूक अखेर तंतोतंत जमली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

कारण त्यांना काय हवंय ते एव्हाना मला कळलं होतं. सरकारी खात्यातल्या संगणक विभागात केस पांढरे होईपर्यंत त्यांनी दुसऱ्यांची यंत्रं राखली, मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते या कामाला लागले होते. कुठल्याशा बँकेत कुणी कारकून सकाळी यंत्र चालू करेल, त्याच्याखाली पेरियप्पाच्या जागी आमचा पाया असेल आणि त्याला पत्तासुद्धा लागणार नाही, असं त्यांचं स्वप्न होतं. "त्याला कळलं तर आपण हरलो," म्हणायचे. बाकी पगार, बढती, परदेशवारी, कशाचाच त्यांना मोह नव्हता. मोह नसलेल्या माणसापासून जरा जपून राहावं, असं आता मला वाटतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा मुकुंद बंगळूरला होता. नोकरी पेरियप्पाच्या तिथल्या ऑफिसात. लागल्याची बातमी त्याने फोनवर दिली तेव्हा सर म्हणाले, "चांगलं. पण त्या ऑफिसाची गोष्ट या घरात नक्को." तेव्हापासून बापलेक क्रिकेटवर आणि मामींच्या गुडघ्यावर बोलायचे. मुकुंद हसरा मुलगा, केसांचं भारी कौतुक असलेला. सरांच्या मांबळमच्या घरात मी रविवारी बऱ्याचदा जेवायला असे, कारण मराठी पोर उपाशी राहते ही मामींची कायमची समजूत होती. वडिलांच्या वाटेत येऊ नये म्हणून तो पोरगा किती सांभाळून बोलायचा ते मी पाहिलंय. बोलता बोलता थांबायचा, वाक्य गिळायचा.

त्या वर्षी आम्ही एका ठिकाणी अडकलो होतो. यादी क्रमाने लावण्याचं काम. म्हणाल तर पोरखेळ. पण सारख्या मानाच्या दोन नावांत आधी कोण आणि मागून कोण, हे पेरियप्पा कशावरून ठरवतो ते काही केल्या सापडेना. कधी असं लावायचा, कधी तसं. एका मोठ्या इस्पितळाने आमचं घ्यायची तयारी दाखवली होती आणि त्यांच्या रुग्णांच्या याद्या आमच्याकडे वेगळ्या क्रमाने येत होत्या. ते म्हणाले, हुबेहूब आलं तर घेतो. मालक म्हणाले, हे गिऱ्हाईक गेलं तर मीही किती दिवस पोसू. सरांनी ते काम स्वतःकडे घेतलं. वाळले. जेवताना बोटाने ताटावर आकडे लिहायचे.

अशाच एका रविवारी मुकुंद आला होता. मामी रसम वाढत होत्या. सर भात कालवता कालवता थांबले आणि ताटाकडे बघत राहिले, किती वेळ ते कळेना. मुकुंदने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. त्याला बघवलं नसावं. खाली मान घालून, रसम मागावं इतक्या सहज तो म्हणाला, "अप्पा, लहान यादीला ते दुसरीच पद्धत लावतात."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सरांनी हात ताटातून बाहेर काढला.

"तू काय सांगटलास?"

"काही नाही अप्पा."

"परत सांगू नको." ते उठले, हात धुतले. "मला दोन दिवसांत सापडलं असतं ते. तिथेच होतो मी. आता ते माझं राहिलं नाही."

"अप्पा, कोणाला कळतंय? इथे आपणच आहोत. वृंदा काय सांगणार नाही."

मी मान हलवली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती मान मला परत घ्यावीशी वाटली. "तू पण ऐकलीस. पण तुला ते कळलं नसेल, तू त्या कामात नव्हतीस." असं म्हणून त्यांनी माझा निकाल लावला आणि आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर चालू केला.

आमची जगभरातल्या लोकांची एक सामाईक ईमेल यादी होती. कुणी बाटलं की तिथे जाहीर करायचं, ही रीत. मला वाटलं, दोन ओळी लिहितील, मी बाटलो, या कामातून बाजूला होतो. मी दारात उभी राहून वाचत होते. त्यांनी काय ऐकलं ते सोडून सगळं लिहिलं. केव्हा ऐकलं, कुठे ऐकलं, आणि कोणाकडून. मुकुंदचं पूर्ण नाव, तो कुठे काम करतो ते, आणि माझा मुलगा, असं.

"सर, नाव तरी नको," मी म्हणाले.

"ओवळं कुठून आलं ते लिहायला होणे. नाही तर किती पसरलंय ते लोकांना कसं कळेल?"

मुकुंद माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने वाचलं. घाबरल्यावर तो तमिळमध्ये बोलायचा, पण त्या दिवशी स्वच्छ मराठीत म्हणाला, "अप्पा, माझी नोकरी जाईल."

"ते बोलायच्या आधी कळायला होणे होतं तुला."

आणि पाठवलं. मामी स्वयंपाकघरातून विचारत होत्या की ताक कुणाला हवंय. मी सांगते, दुष्ट माणूस मी पाहिलेला आहे, लबाड पाहिलेला आहे. पण ताठ मानेने, स्वच्छ मनाने स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय देणारा तो एकच. मला त्यांचा इतका राग आला की चप्पल न घालता जिना उतरले.

मुकुंदची नोकरी त्याच आठवड्यात गेली. कंपनीचं गुपित बाहेर सांगितलं हा शिक्का बसल्यावर त्या धंद्यात त्याला कुणी उभं करेना. अखेर तिरुचीच्या एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागला. इकडे ईमेल यादीवर मात्र सरांचा जयजयकार चालला होता. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहीत होते, की सचोटी असावी तर अशी. सरांनी एकालाही उत्तर दिलं नाही. त्या पत्रांच्या प्रती काढून एका शहाण्याने ऑफिसच्या फळ्यावर लावल्या, त्या मी काढून टाकल्या.

सर ऑफिसात येत राहिले. त्यांच्याच नियमाने त्यांना कोडला हात लावता येत नव्हता, म्हणून वापरणाऱ्यांसाठीच्या सूचना लिहायचे. यादीचं कोडं आता सोवळ्या माणसाने पहिल्यापासून सोडवायला हवं होतं आणि ते आलं माझ्या गळ्यात. त्या जेवणातलं वाक्य मी ऐकलंय, मीही बाटले, असं मी त्यांना म्हणून पाहिलं. "तुला काय आठवतंय?" त्यांनी विचारलं. खरंच शब्द आठवत नव्हते, वर सांगितले ते पुढे कोडं सुटल्यावर जुळले. त्या दुपारचा फक्त पंखा आठवत होता. "मग तू चालतेस," म्हणाले. उत्तर त्यांना ठाऊक, मी समोर चाचपडतेय. मी जवळ आले की चेहऱ्यावर दिसेल म्हणून त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. कित्येक आठवडे तो माणूस आमच्याकडे पाठ करून बसला. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचा. कोडं सुटलं त्या दिवशी मी ओरडले, सगळे धावून आले, आणि ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "सेरी."

इस्पितळाने आमचं घेतलं. काही महिने सगळं छान चाललं. मग एका सकाळी पेरियप्पाने जाहीर केलं की आपला कोड तो सर्वांना खुला करतोय, कुणीही वाचा, कुणीही वापरा, फुकट. इतकी वर्षं ज्याला नजर लागली तरी माणूस बाटायचा, ते आता चहा पिता पिता कुणीही वाचत होतं. प्रभाकरनने मला फोन करून इतकं हसून घेतलं की त्याला ठसका लागला. आमचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसवून शांतपणे सांगितलं की खरंच फुकट मिळायला लागल्यावर नक्कल कोण घेणार. इस्पितळ महिन्याभरात परत पेरियप्पाकडे गेलं. आमच्या पायावरून उठून गेल्याचं तिथल्या एकाही कारकुनाला कळलं नसणार.

शेवटच्या दिवशी मी सरांच्या टेबलाशी गेले. मनात होतं ते विचारलं. "सर, आता तर मुकुंद बोलला तेही खुलं आहे. आता त्याला फोन करा ना."

ते ड्रॉवर रिकामा करत होते. "त्या दिवशी बंद होतं की नाही?"

"होतं."

"मग?"

मग माझाही संबंध कमी झाला. मी शोळिंगनल्लूरला नोकरी धरली. दीड-दोन वर्षांनी मामींचा फोन आला. मुकुंद कॉलेजच्या कामासाठी चेन्नईला आलाय, एग्मोरला स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये उतरलाय, घरी यायला तयार नाही. गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, तू बरोबर येशील का? गेले. टॅक्सीतून आधी मामी उतरल्या, आणि त्यांच्यामागून सर. मला अपेक्षा नव्हती. लॉजच्या पायऱ्यांशी ते थांबले, रस्त्यापलीकडच्या हॉटेलकडे बोट दाखवलं आणि जाऊन दाराजवळच्या टेबलावर बसले.

वर मामी मुलाच्या हाताला धरून नुसत्या बसून राहिल्या. मुकुंदने माझी चौकशी केली, नोकरीची, मिरजेच्या आईची. मग खिडकीशी जाऊन म्हणाला, "खाली आहेत ना?"

"हो. तुझ्यासाठीच आलेत."

"त्यांना सांग, मी खाली येतो. नोकरीचं नक्को, लोकांचं नक्को, काय नक्को. एकदा 'चुकलो' म्हणू देत. मला एकट्याला म्हटलं तरी चालेल. गाडीला अजून वेळ आहे. मी थांबतो."

मी रस्ता ओलांडून गेले. सरांसमोर कॉफी होती, वर साय धरली होती.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"काय म्हणाला?"

जसं म्हणाला तसं सांगितलं. ते लॉजच्या दाराकडे बघत होते. ओठ हलले एकदा. मला वाटलं, येतंय. देवाशपथ, मी मनात हात जोडले होते.

"मी लिहिलो ते खरं होतं की खोटं?"

"खरं होतं, सर. पण नुसतं म्हणून टाका ना. तो जिन्यात उभा असेल."

"मला तसं वाटत नाही, वृंदा. आणि वाटत नसताना म्हटलं तर त्याला लगेच कळेल. माझा पोरगा आहे तो." त्यांचे हात टेबलाखाली होते. "खोटं बोलून त्याला खाली बोलवू?"

बोलवा, मी म्हणाले. बोलवा सर, काय बिघडतंय. त्यांनी मान हलवली, नाही अशी. मी तशीच बसून राहिले. उठून वर जाऊन त्या मुलाला काय सांगणार होते? त्यानेच बहुधा खिडकीतून ओळखलं. थोड्या वेळाने तो बॅग घेऊन बाहेर आला. मामी पायरीवर उभ्या राहिल्या. त्याने वाकून नमस्कार केला, रस्त्याच्या त्या बाजूच्या फुटपाथवरून स्टेशनकडे चालायला लागला, आणि एकदाही इकडे पाहिलं नाही. सर अर्धवट उठले. एका हाताने टेबल धरून, मान लांब करून, मधल्या बसच्या आडून, तो स्टेशनात शिरेपर्यंत बघत राहिले.

मग खाली बसले.

"केस गेले की त्याचे," म्हणाले. "अस्के गेले. आणि तू सांगटलीस, चांगला आहे."